थोमाची गोष्ट लहान मुलांना कशी सांगावी?

पायवाट (धागालेखिका)

ईस्टरनंतर येणाऱ्या रविवारी कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आणि इतर अनेक मंडळ्यांमध्ये योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील 19 ते 31 ही वचने वाचली जातात. इतर बहुतेक रविवारांचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात बदलत राहतात. हा पाठ मात्र दरवर्षी तोच असतो. त्यामुळे रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांवर वर्षातून एकदा तरी येशू पुन्हा जिवंत झाला यावर लगेच विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट सांगण्याची वेळ येते. मी नगर जिल्ह्यातील आमच्या मंडळीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. श्रद्धा, शंका आणि शांती या तिन्हींबद्दल या वयाच्या मुलांशी एकत्र बोलायचे असेल, तर बायबलमध्ये याहून योग्य प्रसंग मला तरी दिसत नाही. पण नेमका हाच प्रसंग आपण घाईने आणि बऱ्याचदा उलट्या बाजूने सांगतो, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सर्वसाधारणपणे गोष्ट अशी सांगितली जाते: दहा शिष्यांनी विश्वास ठेवला, थोमाने ठेवला नाही, येशूने त्याची कानउघाडणी केली, म्हणून मुलांनो, तुम्ही थोमासारखे होऊ नका. मग फळ्यावर पाठांतराचे वचन लिहिले जाते, मुले ते एका सुरात म्हणतात आणि वर्ग सुटतो. सहा वर्षांच्या मुलाने यातून घरी काय न्यायचे? मनात प्रश्न आला तर तो कोणाला कळू द्यायचा नाही, एवढेच त्याच्या पदरात पडते.

आता मूळ वचने सावकाश वाचून पाहू. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य घाबरून, दारे लावून बसले आहेत. मग्दालिया मरीयेने त्याच दिवशी येऊन, आपण प्रभूला पाहिले, असे त्यांना सांगितले आहे आणि तरीही दारे बंदच आहेत. म्हणजे केवळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून धीर न येणारा थोमा हा पहिला माणूस नव्हे. ते दहाही जण तसेच होते. येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो आणि पहिले वाक्य बोलतो ते "तुम्हांस शांती असो." तीन रात्रींपूर्वी हेच लोक त्याला सोडून पळाले होते, त्यांच्यातल्याच पेत्राने त्याला ओळखत नसल्याचे सांगितले होते. त्याचा जाब येशू विचारत नाही. तो शांती देतो, मग आपल्या हातांवरचे आणि कुशीवरचे व्रण दाखवतो, आणि ते पाहिल्यावर शिष्यांना आनंद होतो.

थोमा त्या वेळी तेथे नव्हता. का नव्हता, ते योहान सांगत नाही. नंतर तो इतरांना सांगतो की ते व्रण पाहून त्यांत बोट घातल्यावाचून मी विश्वास धरणार नाही. त्यात स्पर्शाचा आग्रह जास्तीचा आहे हे खरे, पण व्रण पाहण्याची त्याची मागणी ही इतरांना न मागता मिळालेल्या गोष्टीचीच मागणी आहे. त्याला एकट्यालाच संशयी म्हणून बाजूला काढणे मला न्याय्य वाटत नाही. याच शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, यहूदीयात परत जाणे जिवावर बेतणारे असताना, आपणही येशूबरोबर मरायला जाऊ असे म्हणणारा शिष्य थोमाच आहे, आणि चौदाव्या अध्यायात, तुम्ही कोठे जाता हे आम्हांला ठाऊक नाही, मग वाट कशी कळणार, असे येशूला सरळ विचारणाराही तोच. न कळलेले कळल्यासारखे दाखवणे त्याच्या स्वभावात नव्हते.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते मधले आठ दिवस. थोमाने "मी विश्वास धरणार नाही" असे म्हटल्यानंतर पुढच्याच वचनात तो त्याच घरात, त्याच शिष्यांबरोबर आहे. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही निघून गेला नाही. आठ दिवस एक न मानणारा माणूस मानणाऱ्यांच्या पंक्तीत बसला. मग येशू पुन्हा येतो, दारे पुन्हा बंद आहेत, आणि पुन्हा पहिले वाक्य तेच: "तुम्हांस शांती असो." ही शांती थोमालाही मिळते, आणि ती त्याने काहीही कबूल करण्याच्या आधी मिळते. त्यानंतर येशू थोमाचेच शब्द त्याला परत ऐकवतो आणि हात पुढे करतो. "विश्वासहीन असू नको" हे वाक्य येते ते त्या पुढे केलेल्या हातानंतर. थोमाने खरोखर बोट लावले की नाही हे वचनात कोठेही नाही. कॅराव्हाजो या इटालियन चित्रकाराने 1600 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट जखमेत आत गेलेले दिसते आणि तेच दृश्य आपल्या डोक्यात पक्के बसले आहे, पण शुभवर्तमानात लिहिले आहे ते एवढेच की थोमा म्हणाला, "माझा प्रभू व माझा देव!" संपूर्ण शुभवर्तमानात येशूविषयी इतका स्पष्ट उद्गार दुसऱ्या कोणत्याही शिष्याच्या तोंडी नाही.

म्हणजे येथे आधी शांती आहे, मग प्रश्नाला उत्तर, आणि शेवटी श्रद्धा. आपण मुलांना शिकवताना हा क्रम फिरवतो: आधी श्रद्धा ठेव, मग तुला शांती मिळेल. माझा सारा आग्रह या क्रमाविषयी आहे.

माझ्या वर्गात गोष्ट झाल्यावर मी प्रश्न विचारत नाही, मुलांना विचारू देते. दार बंद होते तर येशू आत कसा आला? थोमाला जुळा म्हणतात, तर त्याचा भाऊ कोठे होता? जिवंत झाल्यावर जखमा बऱ्या का झाल्या नाहीत? पहिल्या दोन प्रश्नांना मी सांगते की योहानाने ते लिहिलेले नाही आणि मलाही ठाऊक नाही. तिसऱ्या प्रश्नावर मुलेच एकमेकांशी बोलतात. "ओळखू यावं म्हणून ठेवल्या," असे एकाने सांगितले, तर दुसरी म्हणाली, "दुखत नसतील, नुसत्या दिसत असतील." मोठ्यांनाही याहून बरे उत्तर सहज सुचणार नाही.

एका मुलीने या गोष्टीचे चित्र काढले होते. दाराला भलेमोठे कुलूप, एका बाजूला ओळीने दहा चेहरे आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला थोमा. त्याच्या शेजारी तिने ताट काढले होते आणि त्यात भाकरी. हे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "त्याला पटलं नाहीये, पण जेवायला तर द्यायलाच पाहिजे ना." त्या आठ दिवसांविषयी आम्ही वर्गात एक शब्दही बोललो नव्हतो.

आपापल्या मंडळीत ही गोष्ट कशी सांगितली जाते, आणि मुलांच्या शंकांचे आपण काय करता, हे वाचायला आवडेल.


वसईचा_वारा

धागा आवडला. आमच्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ग पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सा या उपासनेनंतर होतात आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला येणारी मुले साधारण आठ-नऊ वर्षांची असतात. तुम्ही म्हणता तो क्रम आमच्या उपासनेतच आहे, हे वाचताना प्रथम जाणवले. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आम्ही शेजारच्या माणसाला शांती देतो. त्या क्षणी शेजाऱ्याचा विश्वास किती पक्का आहे याची चौकशी कोणी करत नाही. मुलांना हा भाग मनापासून आवडतो, कारण त्यात मोठी माणसे वाकून त्यांच्याशी हात जोडतात किंवा हात मिळवतात. थोमाची गोष्ट मी आता तेथूनच सुरू करणार आहे.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगते. सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक विदुषीने 1954 मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाचे काम सुरू केले आणि मॉन्टेसरी पद्धतीच्या जाणकार जान्ना गोब्बी यांच्या साथीने ते वाढवले. त्यात उत्तम मेंढपाळाची गोष्ट लाकडी मेंढ्या, कुंपण आणि मेंढपाळ यांच्या लहान आकृत्या हलवत सावकाश सांगतात. नंतर शिक्षिका उत्तर सांगत नाही. ही मेंढरे कोण असतील बरे, एवढे विचारून थांबते आणि मुलांना त्या आकृत्या हाताळू देते. मूल त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी काही वेगळे बोलते.

महागडे साहित्य आणावे लागेल असे कोणाला वाटू नये. आमच्यापासून फार लांब नसलेल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघांबरोबर पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. शिंपले, बिया, माती, पाने अशा परिसरातल्या वस्तूंमधून मॉन्टेसरीची तत्त्वे कशी राबवता येतात हे त्यांनी दाखवून दिले. मी मातीचे अकरा शिष्य करून घेतले आहेत आणि खोली म्हणून पुठ्ठ्याचे खोके घेते. मुले थोमाला कधी खोक्यात ठेवतात, कधी दाराबाहेर. एका मुलाने त्याला खिडकीत ठेवले आणि मी त्याला हलवायला सांगितले नाही.


निवृत्त_शिक्षक

लेखिकेची तळमळ पोहोचली, तरीही मला काही गोष्टी खटकल्या आणि त्या स्पष्ट लिहितो. मी सोलापूरच्या एका जुन्या मंडळीत वाढलो. आमच्या लहानपणी प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, तेविसावे स्तोत्र आणि प्रेषितांचा मतांगीकार मुखोद्गत असल्याशिवाय वरच्या वर्गात घेत नसत. त्या वेळी अर्थ कळला नाही, पण पुढे आयुष्यात कठीण दिवस आले तेव्हा तेच शब्द तोंडात आले. ज्या मुलाच्या पायाखाली जमीनच नाही त्याला शंका घेण्याचे स्वातंत्र्य देऊन काय साधणार?

दुसरे असे की, येशू थोमाला म्हणतो की तू पाहिलेस म्हणून विश्वास ठेवलास, पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे धन्य. हे वाक्य तुमच्या विवेचनात आले नाही. याकोबाच्या पत्रातही संशय धरणाऱ्याला वाऱ्याने लोटलेल्या समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. ही वचने अडचणीची वाटतात म्हणून मुलांपुढे ठेवायचीच नाहीत का? पाच वर्षांच्या मुलाला शंका शिकवावी लागत नाही. जगात ती त्याला आपोआप भेटणार आहे. श्रद्धा मात्र शिकवावी लागते.


पायवाट

सर, तुमचे आक्षेप वाजवी आहेत. पाठांतराला माझा विरोध नाही. तेविसावे स्तोत्र माझ्या वर्गातली सगळी मुले म्हणतात आणि ती म्हणत असताना मला स्वतःला आधार वाटतो. जो शब्द पाठ आहे तोच अडचणीत हाताशी येतो, हे तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करते.

"पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे धन्य" हे वचन मी मुलांना सांगतेच, पण ते कोणाविषयी आहे हेही सांगते. ते आपल्याविषयी आहे. आपण कोणीही ते व्रण पाहिलेले नाहीत आणि योहानाने हे शुभवर्तमान आपल्यासारख्यांसाठी लिहिले, असे तो दोनच वचने पुढे स्वतः सांगतो. त्या वाक्यात न पाहणाऱ्यांना आशीर्वाद आहे, थोमाला शाप नाही. आणि थोमाला जे हवे होते ते नाकारून येशूने हे वाक्य म्हटलेले नाही. ते दिल्यानंतर म्हटले आहे.

याकोबाच्या पत्रातील ते वचन सहावे आहे. त्याच्या आधीच्या पाचव्या वचनात याकोब लिहितो की कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावे, कारण देव सर्वांना उदारपणे देतो आणि दोष लावत नाही. मागणाऱ्याला दोष न लावणारा देव आणि विचारणाऱ्याला दोष लावणारी रविवारची शाळा हे दोन्ही एकत्र कसे नांदणार?

शंका शिकवावी लागत नाही, हे तुमचे वाक्य तर मला शंभर टक्के पटले. माझा वर्ग शंका शिकवत नाही. ती आली तर कोठे न्यायची, एवढेच शिकवतो. मूल ती आपल्याकडे आणणार नसेल तर शाळेच्या मैदानावर नेईल किंवा मोबाइलवर शोधेल, आणि तेथे त्याला शांती देणारे कोणी असेलच असे नाही.


अलिबागकर

एक छोटी भर घालतो. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण सण सांगताना, या उपासनेचा अर्थ काय असे तुमची मुले विचारतील तेव्हा त्यांना सांगा, अशी आज्ञा आहे. म्हणजे मुलाने विचारणे तेथे गृहीतच धरले आहे. यहुदी कुटुंबांत वल्हांडणाच्या रात्रीच्या भोजनात घरातल्या सर्वांत लहान मुलाने ठरलेले चार प्रश्न विचारायचे असतात आणि त्या प्रश्नांपासूनच मिसर देशातून सुटकेची कथा सुरू होते. आमच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजामुळे हा सण आमच्याकडे अनोळखी नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, असे लूकने लिहिले आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवताना हे आठवावे.


चाफा

मी आजवर येथे फक्त वाचत आले, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या सासऱ्यांचे या पावसाळ्यात निधन झाले. ते रुग्णालयात होते तेव्हा माझा सात वर्षांचा मुलगा रोज रात्री गुडघे टेकून आजोबांसाठी प्रार्थना करत होता, आणि आम्हीच त्याला सांगितले होते की येशू लहान मुलांचे ऐकतो. आजोबा गेल्यावर भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी त्याला जवळ घेऊन म्हटले, "देवाला चांगली माणसं हवी असतात ना, म्हणून त्यांना लवकर बोलावून घेतलं." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तेव्हापासून मुलगा रात्रीची प्रार्थना करत नाही. परवा त्याने मला विचारले, "मी मधे एक दिवस झोपून गेलो होतो, म्हणून का?" आणि काल म्हणाला, "मला फार चांगलं व्हायचं नाही." मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. पाळकसाहेबांना विचारायला संकोच वाटतो. तुम्ही सर्व मुलांना शिकवता म्हणून येथे विचारते.


सावली

चाफा, मी लहान मुलांबरोबर समुपदेशनाचे काम करते, त्या अनुभवावरून लिहिते. या वयाची मुले ऐकलेले वाक्य शब्दशः घेतात. चांगल्या माणसांना देव नेतो असे कळले की चांगले न होणे हा त्यांना स्वतःला वाचवण्याचा सरळ उपाय वाटतो. तुमचा मुलगा अविश्वासू झालेला नाही आणि हट्टीही नाही. त्याने ऐकलेल्या वाक्यावरून अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला आहे. म्हणून आधी ते वाक्य काढून टाकणे आवश्यक आहे. त्याला स्पष्ट सांगा की आजोबांचे हृदय किंवा जो अवयव आजारी होता तो थकला, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण तो बरा झाला नाही. आजोबा झोपी गेले, असेही म्हणू नका, कारण मग काही मुलांना रात्री झोपायची भीती वाटू लागते.

त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच दिवशी, पुन्हा न विचारताही, द्यायला हवे: नाही, तू झोपलास म्हणून नाही. तुझ्यामुळे काहीही झालेले नाही. हे वाक्य एकदा सांगून पुरत नाही. मुले तेच अनेकदा विचारतात आणि दर वेळी तेच उत्तर त्याच शांतपणे मिळाले की त्यांना सुरक्षित वाटते. प्रार्थनेची सक्ती सध्या करू नका. तुम्ही तुमची प्रार्थना त्याच्या शेजारी बसून, त्याला ऐकू येईल अशी करा. त्याला वाटले तर तो सामील होईल.


पायवाट

सावलींनी लिहिले आहे ते आधी करा. त्यात बायबलमधून एवढेच जोडते. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजर मरतो तेव्हा मार्था येशूला म्हणते, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया येऊन तेच म्हणते. ही तक्रार आहे आणि ती येशूच्या तोंडावर केलेली आहे. त्याने दोघींनाही त्याबद्दल दटावले नाही. उलट, पुढे येशू रडला असे लिहिले आहे. आजोबांसाठी येशूलाही वाईट वाटले, असे तुम्ही मुलाला निःशंक मनाने सांगू शकता.

प्रार्थना ऐकली गेली नाही या प्रश्नासाठी येशूच्या अटकेच्या रात्रीचा गेथशेमाने बागेतला प्रसंग सांगा. होईल तर हा (दुःखाचा) प्याला माझ्यावरून टळून जावो, अशी प्रार्थना येशूने स्वतः केली. मत्तय लिहितो की त्याने तीनदा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. येशूने प्रार्थना नीट केली नाही असे कोणी म्हणू शकत नाही. त्याच रात्री पेत्र, याकोब आणि योहान जागे राहू शकले नाहीत, झोपून गेले, आणि वधस्तंभ त्यांच्या झोपण्यामुळे आला असे बायबलमध्ये कोठेही नाही. तुमच्या मुलाच्या नेमक्या प्रश्नाला लागू पडणारे म्हणून हे सांगते.

आणि तेराव्या स्तोत्राची सुरुवात त्याला वाचून दाखवा: हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार? देवाला असे रागाने विचारणारी स्तोत्रे बायबलमध्येच आहेत, हे कळले की देवाशी बोलणे बंद करण्याखेरीजही एक वाट त्याला दिसेल. रागावलेल्या माणसाचे बोलणेसुद्धा प्रार्थना असू शकते, हे मुलाला समजावून सांगण्याची गरज नाही. वाचून दाखवले की पुरते.


कृष्णाकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतो आहे. कठोपनिषदातला नचिकेता लहान मुलगाच होता. वडील म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देताना पाहून, मला कोणाला देणार, असे त्याने विचारले आणि वडील संतापले. पुढे यमाने मात्र त्याला टाळण्याचा पुष्कळ प्रयत्न केला तरी शेवटी त्याच्या प्रश्नाचा मान राखला. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला घरातच जागा मिळावी, ही तळमळ माझ्याही घरात मला जाणवते. चाफा, तुमच्या मुलाला माझे आशीर्वाद.


निवृत्त_शिक्षक

चाफाताईंचा प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या लिखाणाचा पुन्हा विचार केला. पाया आधी घालावा, हे माझे मत कायम आहे. पण त्या मुलाचा पाया पाठांतर कमी पडल्यामुळे हललेला नाही, एका मोठ्या माणसाच्या चुकीच्या वाक्यामुळे हलला आहे, हे मला दिसते. मुलांशी बोलताना मोठ्यांनी काय बोलू नये, हे आमच्या वेळी कोणीच शिकवले नाही.

शंकेला वेळ द्यावा लागतो, याची उदाहरणे आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत आहेत आणि ती येथे नोंदवावीशी वाटतात. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते मान्य नव्हते; त्या दुखावल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी आपले सोवळेओवळे सांभाळत राहिल्या, आणि स्वतःचे मन वळल्यावरच, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच घरात एक मानणारा आणि एक न मानणारी, आणि त्याच घरात त्यांचा लहान मुलगा दत्तू वाढत होता. लेखिकेने म्हटलेले आठ दिवस त्या घरात काही वर्षे चालले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही चर्चच्या अनेक सिद्धांतांविषयीच्या आपल्या शंका त्यांनी तेथील सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून सडेतोडपणे कळवल्या. आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणाचा ताबा त्यांना मान्य नव्हता. खरी शांती आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मिळाली, असे त्यांनीच पुढे आपल्या निवेदनात लिहून ठेवले. ज्या बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल मराठीत आणले, त्यांना आठ वर्षे लागली. मग सहा वर्षांच्या मुलाकडून एका रविवारी सारे कबूल करून घेण्याची घाई आपल्याला नसावी, एवढे मी मान्य करतो.

मात्र वसईच्या ताईंना एक विनंती आहे. मातीचे शिष्य हाताळून झाल्यावर तेच वचन बायबलमधून उघडून मुलांना वाचून दाखवावे. खेळ लक्षात राहतो आणि मूळ शब्द विसरतात, असे होऊ नये.


वसईचा_वारा

सर, तुमची सूचना योग्य आहे आणि आम्ही तसेच करतो. गोष्ट सांगण्याच्या आधी पवित्र शास्त्र उघडून मधोमध ठेवतो, शेजारी मेणबत्ती लावतो आणि शेवटी वचन वाचतो. रमाबाईंच्या आठ वर्षांची माहिती पालकसभेत सांगण्यासारखी आहे. मुलाने "देव खरंच आहे का?" असे विचारले की आमच्याकडे बरेच पालक घाबरतात आणि धर्मगुरूंकडे तक्रार घेऊन येतात. त्यांनाच आधी धीर द्यावा लागतो.


चाफा

सर्वांचे मनापासून आभार. त्याच रात्री त्याला सांगितले की तो झोपला म्हणून काहीही झालेले नाही. मग शिष्य झोपल्याचे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि नंतर त्याने विचारले, "पेत्रपण झोपला होता?" हो म्हटल्यावर त्याने तो प्रसंग पुन्हा वाचायला लावला. तो अजून स्वतः प्रार्थना करत नाही, मीही सांगत नाही. पण मी प्रार्थना करते तेव्हा शेजारी बसतो, आणि काल, आजोबांचे नाव घ्यायचे राहिले, अशी आठवण त्याने करून दिली. पाळकसाहेबांशीही बोलले. पुढच्या आठवड्यात ते घरी येणार आहेत.


पायवाट

चाफा, पाळकसाहेब घरी येणार हे फार चांगले झाले. सावलींनी सांगितलेली काळजी, म्हणजे कोणती वाक्ये टाळायची, ती त्यांनाही आधीच सांगून ठेवा. ते नक्की समजून घेतील.

काहींनी मला व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे की दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना हेच कसे शिकवावे. त्या मुलांना थोमा पुरत नाही, कारण त्यांचे प्रश्न विज्ञानाकडे, इतर धर्मांकडे आणि जगातल्या दुःखाकडे वळलेले असतात. त्यांच्यासाठी मी तुरुंगातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून सुरुवात करते, ज्याने स्वतः येशूला बाप्तिस्मा दिला आणि तरीही नंतर शिष्यांना पाठवून विचारले की जो येणार आहे तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. त्यानंतर मार्कच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप घेते, जो एकाच दमात "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असे म्हणतो आणि ज्याचा मुलगा तरीही बरा होतो. या वयोगटाबद्दल बोलण्यासारखे बरेच आहे आणि येथे लहान मुलांची चर्चा मागे पडू नये, म्हणून त्यासाठी वेगळा धागा उघडते. सरांनी तेथे रमाबाईंच्या पत्रव्यवहाराविषयी सविस्तर लिहावे, अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.